लिमिटच्या आत असूनही थकबाकीदार

नमस्कार श्रोतेहो.

बँकेतल्या नोकरीत माझी बरीच वर्षं कर्ज विभागात गेली. तिथला एक प्रसंग मनातून जात नाही. एक प्राथमिक शिक्षक घरकर्जासाठी आले होते. पगार पक्का, निवृत्तीला अकरा वर्षं बाकी, फ्लॅटची कागदपत्रं चोख. आम्ही त्यांचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा अहवाल, काढला आणि अर्ज तिथंच अडला. दुसऱ्या एका बँकेतलं त्यांचं ओव्हरड्राफ्ट खातं, म्हणजे शिल्लक नसतानाही ठरलेल्या लिमिटपर्यंत उचल करू देणारं खातं, थकीत दिसत होतं. येणं होतं ६२,४०० रुपये. गुरुजी गोंधळून गेले. म्हणाले, "साहेब, लिमिट एक लाखाचं आहे. मी साठच हजार उचललेत. मर्यादेच्या आतच आहे ना मी?"

ते मर्यादेच्या आतच होते. तरीही थकबाकीदार ठरले होते.

झालं असं होतं की मधल्या काळात त्यांचं पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत गेलं. जुन्या खात्यावर दर महिन्याला पगार जमा व्हायचा, त्यातून व्याज आपोआप वळतं व्हायचं. पगार थांबला, पण उचललेले साठ हजार तिथंच राहिले. महिन्याला सहाशेच्या आसपास व्याज नावे पडत गेलं आणि जमेच्या बाजूला चार महिने एक रुपयाही आला नाही. कर्जाला हप्ता असतो, हप्त्याची तारीख असते, चुकला तर फोन येतो. ओव्हरड्राफ्टला हप्ताच नसतो, म्हणून काही चुकतंय हे माणसाच्या लक्षातच येत नाही.

रिझर्व्ह बँकेचा नियम मात्र स्पष्ट आहे. सलग ९० दिवस बाकी मंजूर मर्यादेच्या वर राहिली, तर खातं अनियमित होतं. बाकी मर्यादेच्या आत आहे, पण सलग ९० दिवस काहीच जमा झालं नाही, तरीही होतं. आणि जमा झालं, पण त्या ९० दिवसांत नावे पडलेल्या व्याजाएवढंही नाही, तरीही होतं. या तिन्हींपैकी एक गोष्ट पुरते. पुष्कळांना वाटतं, हे व्यापाऱ्यांच्या सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट खात्याचे नियम आहेत, आपल्याला काय त्याचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने खुलासा केला, की धंद्यासाठी नसलेल्या ओव्हरड्राफ्टलाही हेच लागू आहे. शिवाय असं अनियमित झालेलं एक खातं अनुत्पादक, म्हणजे वसुली थांबलेलं (एनपीए) ठरलं, की त्याच बँकेतली त्या माणसाची बाकीची कर्जंही त्याच रांगेत जाऊन बसतात.

आता दुसरी बाजू, जिथं माणसं जास्त फसतात. समजा दोन लाखांचं लिमिट आहे, व्याज १२ टक्के. तुम्ही पूर्ण दोन लाख उचलले. व्याज रोजच्या बाकीवर मोजतात, म्हणजे दिवसाला सुमारे ६६ रुपये. महिनाअखेरीला १,९७३ रुपये नावे पडले, की बाकी झाली २,०१,९७३. तुम्ही त्या दिवशी चेक फाडला नाही, एटीएमकडे फिरकला नाही, तरी लिमिटच्या बाहेर गेलात. भरलेल्या रांजणात वरून थेंब पडला तरी पाणी सांडतंच. मर्यादेबाहेर सलग ३० दिवस झाले, की बँक ते खातं विशेष उल्लेखाच्या, म्हणजे थकण्याची लक्षणं दिसणाऱ्या खात्यांच्या यादीत टाकते, आणि ९० दिवस ओलांडले की अनुत्पादक. म्हणून लिमिट काठोकाठ कधीही भरू नका. निदान दोन महिन्यांच्या व्याजाएवढी जागा मोकळी ठेवाच. काही ओव्हरड्राफ्टचं लिमिट तर दर महिन्याला आपोआप कमी होत जातं. तिथं गेल्या महिन्यात आत असलेली बाकी या महिन्यात बाहेर असू शकते. मंजुरीपत्र पुन्हा एकदा काढून वाचा.

हे सगळं सिबिलपर्यंत पोचतं कसं? आपण सर्रास सिबिल म्हणतो, पण आपल्या देशात अशा पत माहिती कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात. बचत खात्यात किती शिल्लक आहे हे त्यांच्याकडे जात नाही. ओव्हरड्राफ्ट मात्र कर्ज म्हणूनच जातो: मंजूर किती, बाकी किती, थकलेले दिवस किती. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जायची, जानेवारी २०२५ पासून दर पंधरा दिवसांनी जाऊ लागली. म्हणजे चूक लवकर दिसते, आणि सुधारणाही लवकर दिसते.

ओव्हरड्राफ्ट घेतला म्हणजे सिबिल बिघडलं, असा समज मी खेड्यांतही ऐकला आणि शहरांतही. तो खरा नाही. उचल करायची, भरायची, पुन्हा उचलायची, असं फिरतं खातं तुमच्या बाजूनं साक्ष देतं. ३०० ते ९०० मधला तो आकडा कोणत्या सूत्रानं येतो हे कंपन्या पूर्ण उघड करत नाहीत, पण वेळेवर परतफेड आणि मंजूर रकमेपैकी किती वापरली, या दोन्हींना त्यात वजन असतं.

जनधन खातेदार बहिणींनो, भावांनो, तुमच्या खात्यावर पात्रतेनुसार १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो. ती सरकारची मदत नाही, कर्ज आहे. दोन हजार उचलले असतील तरी खात्यात अधूनमधून जमा होत राहू द्या. मुदत ठेवीच्या पावतीवरचा ओव्हरड्राफ्ट सर्वांत सुरक्षित, कारण ठेव पुरेशी असेल तर ते खातं अनुत्पादक धरत नाहीत. पण कर्ज म्हणून त्याचीही नोंद होते, हे विसरू नका.

आणि बचत खात्यात किमान शिल्लक नसल्याच्या दंडामुळे खातं उणे झालं असेल तर घाबरू नका, बँकेला जाब विचारा. निव्वळ त्या दंडापायी बचत खातं उण्यात नेता येणार नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्येच बजावलं आहे.

पैसे फेडले म्हणजे ओव्हरड्राफ्ट बंद झाला, असं नसतं. लिमिट चालूच राहतं आणि अहवालात जिवंत खातं म्हणून दिसतं. नको असेल तर लेखी अर्ज देऊन ते रद्द करा आणि बेबाकी दाखला, म्हणजे काही येणं उरलं नसल्याचं पत्र, घ्या. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे, तो मागवा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्यानं आकडा घसरत नाही. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निवारण झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी.

गुरुजींची नोंद मात्र चुकीची नव्हती. त्यांनी त्याच आठवड्यात सगळी रक्कम भरली आणि लिमिट रद्द केलं. खातं बंद झालं, तरी थकलेल्या महिन्यांच्या खुणा अहवालात राहतात. मागच्या ३६ महिन्यांचा हिशेब तिथं मांडलेला असतो. फ्लॅट हातचा गेला. दीड वर्षानं ते पुन्हा आले, तेव्हा अहवालातले बाकी सगळ्या हप्त्यांचे रकाने स्वच्छ होते आणि त्या जुन्या प्रकरणाचा बेबाकी दाखला त्यांनी फाइलच्या पहिल्याच पानाला लावला होता. कर्ज मंजूर झालं. घर तिसऱ्या मजल्यावरचं, थोडं लहान मिळालं.

नमस्कार.