किती उपचार पुरेसा?

मूल सकाळी उठते, डोके दुखते म्हणते, एकदा उलटी करते आणि तासाभरात पुन्हा खेळू लागते. घरच्यांना वाटते पित्त झाले, जवळचे डॉक्टर जंतांचे औषध देतात, आणि दिवसभर मूल ठणठणीत दिसत असल्यामुळे कोणाचाच संशय मेंदूकडे वळत नाही. रात्रभर आडवे झोपल्याने कवटीतील दाब वाढतो आणि लहान मेंदूजवळ गाठ असेल तर ती मेंदूतील पाण्याची वाटही अडवते. मूल उठून वावरू लागले की दाब काहीसा उतरतो. म्हणूनच हे दुखणे पहाटेचे असते.

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयातील बालकर्करोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे सोलापूर, बीड, सातारा, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून मुले येतात, तेव्हा बहुतेकांच्या फायलीत अशाच उलट्यांच्या नोंदी असतात. डॉक्टर आधी आईला विचारतात: चालताना तोल जातो का, मान एका बाजूला कलती ठेवतो का, डोळा तिरळा झाला आहे का, अक्षर बिघडले आहे का? मग मुलाला फरशीच्या रेघेवरून टाचेला पाऊल लावून चालायला सांगतात. एवढी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते, आणि ती तिथे व्हावी यासाठी या डॉक्टर कळकळीने बोलतात. ब्रिटनमध्ये ‘हेडस्मार्ट’ या मोहिमेने पालकांना आणि डॉक्टरांना हीच लक्षणे शिकवली आणि निदानाला लागणारा काळ सुमारे १४ आठवड्यांवरून ७ आठवड्यांच्या आत आला.

अशाच एका मुलाच्या एमआरआयच्या पडद्यावर दिसणारी ही गाठ मेड्युलोब्लास्टोमा आहे. मुलांच्या मेंदूत होणाऱ्या घातक गाठींपैकी ही सर्वाधिक आढळणारी. न्यूरोसर्जन ती शक्य तितकी काढतात. पाणी तुंबले असेल तर त्याला वाट करून देतात. काही मुले शस्त्रक्रियेनंतर एकदोन दिवसांत बोलणेच थांबवतात आणि ही मूकावस्था आठवडे, कधी महिने टिकते. हे आईवडिलांना आधी सांगितलेले नसेल, तर शस्त्रक्रियेत काही भलतेच घडले अशी त्यांची समजूत होते. म्हणून डॉक्टर ते आधीच, दोनदा सांगतात.

खरा कठीण प्रश्न त्यानंतर उभा राहतो. या गाठीच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यातून पाठीच्या कण्यापर्यंत पसरू शकतात, त्यामुळे तीन वर्षांवरील मुलांना संपूर्ण मेंदू आणि कणा यांवर किरणोपचार द्यावा लागतो: सामान्य जोखमीच्या मुलांना २३.४ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), अधिक जोखमीच्या मुलांना ३६ ग्रे, आणि गाठीच्या जागेवर त्याहून जास्त. याच किरणांनी वाढत्या मेंदूची शिकण्याची गती मंदावते, उंची खुंटते, थायरॉईडचे काम बिघडते. मूल जितके लहान, तितके नुकसान अधिक. तीन वर्षांहून लहान मुलांमध्ये केमोथेरपीवर भर देऊन किरणोपचार टाळण्याचा किंवा लांबवण्याचा प्रयत्न होतो. केमोथेरपीतही सिस्प्लॅटिन हे औषध ऐकण्याची शक्ती कमी करू शकते. व्हिन्क्रिस्टिन हे दुसरे औषध मात्र आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळते, हे कळल्यावर अनेक आजी त्या झाडाकडे नव्या आदराने पाहतात.

गाठ नाहीशी करणे आणि मूल पूर्ववत ठेवणे या दोन उद्दिष्टांत इथे ओढाताण असते, आणि या क्षेत्रातले संशोधन त्याच ओढाताणीतून निघाले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमाचे जनुकीय पातळीवर चार मुख्य गट पडतात. त्यांतील डब्ल्यूएनटी नावाच्या गटातील ९० टक्क्यांहून अधिक मुले वाचतात, तर तिसऱ्या गटाचा रोग सर्वांत हट्टी असतो. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेल्या ऊतीवरही हा गट ओळखणारी चाचणी प्रसिद्ध केली. गोठवलेला नमुना सांभाळण्याची सोय नसलेल्या रुग्णालयांसाठी याचा अर्थ फार मोठा होता, कारण मेणाचा ठोकळा साध्या पाकिटातूनही पाठवता येतो.

मग डब्ल्यूएनटी गटाला कमी किरण पुरतील का? टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी मेंदू व कण्याचा किरणोपचार पूर्ण वगळून केवळ गाठीच्या जागेवर तो देऊन पाहिला. काही मुलांमध्ये रोग इतरत्र परतला आणि अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. या निष्कर्षाला डॉक्टरांच्या दृष्टीने मोठी किंमत आहे, कारण किती कमी केले तर धोका होतो ही सीमा त्यातून कळली. आता वगळण्याऐवजी मात्रा कमी करण्याचा विचार पुढे चालू आहे. खारघरला प्रोटॉन किरणोपचाराची सोय झाल्यापासून आणखी एक मार्ग खुला आहे: प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतात, म्हणून कण्यावर उपचार करताना हृदय आणि आतडी बरीचशी वाचतात.

सगळ्याच गाठींबाबत असे पर्याय नाहीत. मेंदूच्या देठात पसरणारी डीआयपीजी ही गाठ शस्त्रक्रियेने काढता येत नाही. किरणोपचाराने काही महिने आराम पडतो आणि बहुतेक मुले निदानापासून वर्षभराच्या आसपास दगावतात. २०१२ मध्ये या गाठींतला एच३ हिस्टोन (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो ते प्रथिन) बनवणाऱ्या जनुकातील बदल सापडला, आणि त्या संशोधनात मृत मुलांच्या पालकांनी दान केलेल्या ऊतींचा मोठा वाटा होता. डॉक्टर ऊतीदानाची गोष्ट काढतात तेव्हा घाई करत नाहीत. नकार आला तरी उपचारात आणि आपुलकीत फरक पडणार नाही, हे त्या पहिल्याच वाक्यात सांगतात.

उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा पाठपुरावा चालतो. वाढीच्या संप्रेरकाची आणि थायरॉईडची तपासणी, ऐकण्याची चाचणी, ठरल्या काळाने एमआरआय, आणि स्मरणशक्तीचे मूल्यमापन. त्याचा अहवाल हाती घेऊन डॉक्टर शाळेला पत्र लिहितात: या विद्यार्थ्याला फळ्याजवळ बसवावे, एका वेळी एकच सूचना द्यावी, उत्तरपत्रिकेसाठी जास्त वेळ द्यावा. दहावीच्या वर्षी सवलतीचा अर्ज वेळेत जावा म्हणून हे पत्र आदल्या वर्षीच मुख्याध्यापकांच्या हाती पोहोचेल, याची त्या काळजी घेतात.