मृगाचा आठवडा आणि इंदूरचं धरसोडीचं आभाळ

श्रोतेहो, नमस्कार.

मृग लागलं, आर्द्रा अजून लांब आहे. इंदूरला या दिवसांचा भरवसा नसतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी पारा ३८-३९ च्या आसपास, चारच्या सुमाराला आभाळ एकदम काळवंडतं, धूळ उडते, अर्धा तास धिंगाणा होतो आणि रात्री पुन्हा घामाच्या धारा. येता आठवडा असाच काढायचा आहे. मोसमी पाऊस आपल्याकडे साधारण जूनच्या मध्यानंतर येतो. त्याआधी पडतो तो वळीव.

वळीव सगळीकडे सारखा पडत नाही. अरबी समुद्राकडून आलेलं बाष्प आणि तापलेलं माळव्याचं पठार यांची गाठ पडली की हवा जागोजागी वर उसळते, आणि उसळते तिथेच ढग बांधला जातो. असा एकटा ढग फार तर पाच-दहा किलोमीटर रुंद, तासाभरात विरणारा. म्हणून शेजारच्या महूला रस्ते धुऊन निघतात आणि त्याच वेळी इंदुरात राजवाड्यावर धूळ उडत असते. यात अंदाज चुकला असं काही नाही. हवामान खात्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ म्हटलं असेल, तर विभागातल्या पर्जन्यमापकांपैकी जास्तीत जास्त २५ टक्क्यांवर पाऊस अपेक्षित आहे. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५, आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. पहिले दोन शब्द ऐकून लग्नाचा मांडव हलवू नका. चौथा ऐकलात तर जरूर हलवा.

आणखी एक. चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. मंगळवारी संध्याकाळी झोडपलेला पाऊस बुधवारच्या आकड्यात येतो. आकडा ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला तरच तो ‘जोरदार’ या वर्गात बसतो. आपल्याला दहा मिनिटांत भिजवणारी सर बहुधा त्याच्या जवळपासही नसते.

बाहेरची कामं दुपारी दोनच्या आत उरका. कुरडया राहिल्या असतील तर आता घालूच नका. त्यांना दोन-तीन कोरडी उन्हं लागतात, ती या आठवड्यात सलग मिळणं कठीण, आणि अर्धवट वाळलेल्या कुरडईला बुरशी धरते. वीज चमकली की सेकंद मोजा. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. झाडाखाली उभं राहणं सगळ्यांत वाईट.

आता कूलर. पाऊस पडून गेला की घरोघरी एकच तक्रार, ‘कूलर काम करत नाही.’ कूलर बिघडलेला नसतो. तो पाण्याची वाफ करून हवा थंड करतो, आणि हवेत आधीच ओल असली तर वाफ होणार कशी? ४० अंशाच्या, २० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेत चांगला कूलर तेरा-चौदा अंश उतरवतो. पाऊस झाल्यावर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर तोच कूलर जेमतेम तीन अंश उतरवेल आणि अंथरूण चिकट करील. अशा वेळी पंप बंद करून नुसता पंखा चालवा. समोरची एक खिडकी उघडी ठेवा. हवा बाहेर पडायला वाट नसेल तर कोरड्या दिवशीसुद्धा खोली दमट होते. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून कडा घासा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेशी चिकटतात आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आणि पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढाच. नुसतं बटण बंद करून भागत नाही; जोडणी उलटी असेल तर बटण बंद असतानाही आतल्या तारांत वीज असते.

सांवेर-देपालपूरकडच्या शेतकरी श्रोत्यांसाठी थोडं. पहिल्या जोरदार सरीवर सोयाबीन पेरायची घाई नको. काळ्या मातीचा वरचा थर तेवढ्याने भिजतो, बी उगवतं, मग आठ-दहा दिवसांची उघडीप पडली की रोपं माना टाकतात आणि दुबार पेरणी गळ्यात येते. एकूण १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच, पाऊस झाल्यावर पेरा. मोजायला सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा घ्या, भिंती-झाडांपासून लांब मोकळ्यावर ठेवा आणि रोज सकाळी पट्टीने मोजून ओता. निमुळत्या तोंडाची बाटली चुकीचं माप देते. पाऊस जमेपर्यंत बियाणं तपासा: १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, गोणपाट सुकू देऊ नका, पाच-सहा दिवसांनी निदान ७० दाण्यांना मोड आलेले दिसायला हवेत. त्याहून कमी निघाले तर बियाणं बदला. पेरताना ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि बी तीन सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. वर पापुद्रा धरला की खोल गेलेलं बी बाहेरच येत नाही.