छोट्या टाकीत कोणते मासे? आधी त्यांचं मोठेपणीचं माप विचारा

[कॅमेऱ्यासमोर. मागे टाकी चालू.]

नमस्कार मंडळी! माझ्या मागे दिसतेय ती टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. कागदावर हिची क्षमता 54 लिटर. वाळू, दगड, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा करा, हाती उरतं 45 लिटरच्या आसपास. मासे ठरवताना हा दुसरा आकडा धरायचा. आज फक्त या मापाच्या टाकीबद्दल बोलू, कारण बहुतेकांची सुरुवात इथूनच होते आणि घोळही इथेच होतात.

दुकानात जो मासा दिसतो तो बहुतेक वेळा पिल्लू असतो. आपण त्याच्याकडे बघतो, रंगावर भाळतो आणि पिशवीत भरून आणतो. एक वर्षानंतर तो केवढा होणार, हे ना आपण विचारत, ना कुणी आपणहून सांगत.

सकरचंच घ्या. "काच साफ ठेवतो, शेवाळ खातो" असं सांगून बोटभर सकर गळ्यात मारला जातो. साधा सकर मोठेपणी एक फुटाच्या पुढे जातो. आता माझ्या टाकीची रुंदी किती सांगितली? एक फूट. म्हणजे त्याला सरळ वळताही येणार नाही! आणि सफाईचं म्हणाल तर शेवाळ खातो तो लहानपणी, विष्ठा मात्र आयुष्यभर ढिगाने करतो. मग कंटाळून लोक त्याला नदीत नाहीतर तळ्यात सोडून येतात. हे अजिबात करू नका. कित्येक देशांतल्या नद्या-तलावांत हा मासा असाच पसरलाय आणि तिथल्या मूळ माशांच्या मुळावर आलाय.

गोल्डफिशचंही तेच. त्याला थोडं थंड पाणी मानवतं, तो वाढतो वीतभर आणि घाण भरपूर करतो. बाला शार्कही फुटभर होतो. एंजलफिश दिसतो देखणा, पण तो हळूहळू मोठा होतो आणि एके दिवशी तुमचे छोटे निऑन मासे कमी भरायला लागतात. चोरी वगैरे काही नाही, तोंडात मावेल तो मासा म्हणजे खाद्य, एवढाच त्याचा हिशेब.

"एका लिटरला एक सेंटिमीटर मासा" हा नियम तुम्ही ऐकला असेल. छोट्या, सडपातळ माशांपुरता तो ढोबळ अंदाज ठीक आहे. पण 3 सेंटिमीटरचे पाच मासे आणि 15 सेंटिमीटरचा एक मासा या नियमात सारखेच ठरतात. प्रत्यक्षात, अंगाची ठेवण सारखी असेल तर, लांबी पाचपट झाली की वजन होतं सव्वाशे पट! पाच गुणिले पाच गुणिले पाच. आणि पाणी खराब होतं ते वजनाच्या हिशेबाने, लांबीच्या नाही.

[टाकीचा क्लोजअप. निऑनचा थवा.]

मग ठेवायचं काय? टाकीचे तीन मजले समजा: वर, मध्ये आणि तळ. मधल्या मजल्यावर थव्याने राहणारा एक छोटा मासा. निऑन टेट्रा, एंबर टेट्रा किंवा हार्लेक्विन रासबोरा, यातला एकच प्रकार घ्या, पण आठ-दहा घ्या. "प्रत्येकाचे दोन-दोन द्या" ही मागणी दुकानात रोज होते आणि मला ती सगळ्यात जास्त खटकते. दोन निऑन म्हणजे घाबरलेले दोन निऑन. कोपऱ्यात दबून बसतात, रंग फिका पडतो. तेच आठ असले की हे बघा, कसे मोकळे फिरतात.

तळाला कोरी, म्हणजे वाळूत खाद्य शोधणारा मिशांचा छोटा मासा. 45 लिटरमध्ये मी पिग्मी कोरी सुचवेन, मोठेपणीही तीन सेंटिमीटरच्या आत राहते. सहा तरी हव्यात. आता जरा जवळून बघा. तोंडाजवळ त्या बारीक मिशा दिसतायत? तोंड वाळूत खुपसते, मिशांनी चाचपते आणि नको ती वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडते. म्हणून तळाला बारीक, गुळगुळीत वाळू हवी. धारदार खडीत या मिशा झिजतात, कधी कधी जखम चिघळते. आणि ती बघा, सुसाट वर गेली, हवेचा घोट घेतला आणि खाली आली. घाबरू नका, कोरी आतड्यातून हवा शोषू शकते, ती तिची पद्धतच आहे. पण सगळ्याच सतत वर धावायला लागल्या तर पाणी तपासा.

वरच्या बाजूला एक हनी गुरामी. बास. आठ टेट्रा, सहा पिग्मी कोरी, एक गुरामी. यादी छोटी वाटते ना? दुकानात उभं राहिल्यावर आणखीनच छोटी वाटेल.

गप्पी आवडत असतील तर फक्त नर घ्या. मादी एकदा नराच्या सहवासात आली की पुढे कित्येक महिने नर नसतानाही पिल्लं देऊ शकते, साधारण दर महिन्याला एक खेप. पिल्लं वाटायला नातेवाईक पुरत नाहीत. टायगर बार्ब दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो आणि नर बेटा (फायटर मासा) लांब शेपटीच्या गप्पीला प्रतिस्पर्धी समजू शकतो. या जोड्या टाळा.

निवडीत अजून एक गोष्ट: तुमच्या नळाचं पाणी. जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी असेल तर गप्पी, प्लॅटी खुशीत राहतात, मृदू असेल तर टेट्रा. औषधं ओतून पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, खालीवर करत बसण्यापेक्षा आहे त्या पाण्याला मानवणारा मासा आणा.

[टेबलावर टेस्ट किट.]

आता कंटाळवाणा पण सगळ्यात महत्त्वाचा भाग. नवी टाकी भरली आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडले, तर आठवडाभरात माशांना धाप लागते. कारण अमोनिया. माशांच्या कल्ल्यांतून आणि सडणाऱ्या खाद्यातून तो पाण्यात येतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे नकोत. बाटलीतला शुद्ध अमोनिया मोजून घाला किंवा चिमूटभर खाद्य टाकत राहा, आणि तपासत राहा.

ही माझी नळी. माझ्या किटमध्ये पिवळा म्हणजे अमोनिया शून्य, जितका हिरवा तितका धोका. घातलेला अमोनिया एका दिवसात संपतोय आणि नायट्राइटही शून्य येतंय, असं झालं की टाकी तयार. पीएचकडेही लक्ष द्या. 25 अंशाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्का किंवा जरासा जास्त भाग घातक रूपात असतो. पीएच 8 झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे किटवर आकडा तोच, पण धोका जवळजवळ दहापट.

हे जिवाणू राहतात फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर. म्हणून स्पंज नळाखाली खसाखसा धुवायचा नाही, क्लोरीनने ते मरतात. पाणी बदलताना काढलेल्या बादलीभर पाण्यातच तो दोनदा पिळायचा. थोडा कळकट राहिला तरी चालेल, तसाच हवा.

पाणी दर आठवड्याला चौथा हिस्सा बदला. क्लोरीन काढणारं द्रावण घालूनच नवं पाणी ओता. रात्रभर ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडतो हे खरं, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, असतं, ते तसं उडत नाही. आणि उडून गेलेल्या पाण्याची भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात.

दुकानात मासा घेताना त्याला खाताना बघा. आक्रसलेले पर, खपाटीला गेलेलं पोट, जोरजोरात हलणारे कल्ले दिसले की नको. त्याच टाकीत एखादा मेलेला दिसला तरी नको. घरी आल्यावर दिवा बंद, पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशवीत घाला. मासा जाळीने आत सोडा, पिशवीतलं पाणी बाहेर ओता.

जमलं तर नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा. कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, इक, अंगावर मीठ भुरभुरल्यासारखा दिसतो आणि तो बहुधा नव्या माशाबरोबरच येतो. ठिपक्याच्या आत परजीवी कातडीखाली असतो, तिथे औषध पोहोचत नाही. तो गळून पडतो, तळाला त्याची असंख्य पिल्लं होतात आणि ती मोकळी पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते या मोकळ्या अवस्थेत. म्हणून ठिपके गेले की लगेच औषध थांबवू नका, लेबलावरचा कोर्स पूर्ण करा. कोरी असतील तर मात्रेबद्दलची सूचना नीट वाचा, आणि कोळंबी-गोगलगाई असतील तर तांबं असलेलं औषध नको.

खाद्य एक-दोन मिनिटांत संपेल एवढंच. धडधाकट मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात, त्यामुळे गावाला जाताना शेजाऱ्यांच्या हाती अख्खा डबा देऊ नका. "बिचारे भुकेले दिसले" म्हणून ते मूठभर टाकतात. खाऊ घालायचंच असेल तर रोजच्या पुड्या बांधून द्या.

खाली प्रश्न जरूर लिहा, पण नुसतं "माझ्या टाकीत किती मासे ठेवू?" नको. टाकीची लांबी-रुंदी-उंची, पाण्याचा पीएच, तापमान आणि आत आधीपासून कोण कोण आहे, एवढं लिहा. अमोनियाचा आकडा दिलात तर उत्तर आधी तुम्हाला.