तीन नायट्रोजनांचं झाकण

नमस्कार श्रोतेहो. पेटंट हवं तर शोध नवा हवा, आणि त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखा नको. नवेपणा खोडायला एकच जुना कागद पुरतो. खरी भांडणं होतात ती ‘सहज सुचण्या’वरून. आज त्यातला एकच खटला, डीएनए वाचण्याचा.

डीएनए वाचताना साखळीला एका वेळी एकच अक्षर जोडायचं असतं. म्हणून न्यूक्लिओटाइडच्या, म्हणजे डीएनएच्या एका अक्षराच्या, साखरेवर, पुढचं अक्षर जिथे जोडलं जातं त्या ३-प्राइम जागेच्या ऑक्सिजनवर, रासायनिक झाकण बसवतात. अक्षर जोडायचं, त्याला लावलेला रंग टिपायचा, झाकण काढायचं, मग पुढचं अक्षर. आणि झाकण पूर्ण निघालं पाहिजे. दर फेरीत शंभरातल्या ९९ साखळ्यांचं निघालं तरी ५० फेऱ्यांनंतर साधारण ६० आणि १०० फेऱ्यांनंतर ३७ साखळ्याच वेळेवर उरतात. बाकीच्या मागे पडतात आणि रंग मिसळतात. म्हणून पुन्हा सांगते, झाकण पूर्ण निघालं पाहिजे.

डीएनए वाचण्याची यंत्रं बनवणाऱ्या इल्युमिना कंपनीच्या पेटंटमधल्या झाकणात ॲझिडो गट होता, म्हणजे ओळीने तीन नायट्रोजन. इंटेलिजंट बायो-सिस्टिम्स या दुसऱ्या कंपनीने अमेरिकेच्या पेटंट मंडळापुढे त्याला आव्हान दिलं: अक्षरागणिक वाचायची पद्धत जुनी, ॲझिडोमिथिल हे ॲझिडो गटाचं झाकणही जुन्या शोधनिबंधात आहे, दोन्ही जोडणं सहज सुचण्यासारखं. कारण काय दिलं? हे झाकण पूर्ण निघतं म्हणून.

तिथेच गाडं अडलं. त्या निबंधात झाकण काढलं होतं ट्रायफिनाइलफॉस्फिन या रसायनाने, पाणी मिसळलेल्या पिरिडीन या द्रावकात. सुट्या रेणूला ते चालतं. डीएनएचे दोन धागे मात्र पिरिडीनमध्ये एकमेकांपासून सुटू शकतात. धागा सुटला की वाचन संपलं. इथे पाण्यात विरघळणारं फॉस्फिन लागतं, उदाहरणार्थ टीसीईपी. त्याने ॲझाइडचं अमाइन होतं, ते आपोआप मोडतं, फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं आणि पुढचं अक्षर जोडायला हायड्रॉक्सिल, म्हणजे त्या ऑक्सिजनचा ओएच गट, मोकळा होतो.

माझं तर ठाम मत आहे, अर्ज लिहिणाऱ्या वकिलाने प्रयोगवही स्वतः वाचावी. द्रावक कुठला, तापमान किती, हे सारांशात कधीच नीट येत नाही.

बरं, पेटंटच्या दाव्यात झाकण ‘पूर्ण’ निघालं पाहिजे अशी अट नव्हतीच! तरीही २०१६ मध्ये, अपिलात, अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने पेटंट राखलं. दोन गोष्टी जोडण्याचं कारण आव्हान देणाऱ्यानेच दिलं होतं, आणि तेच टिकलं नाही. लक्षात घ्या, दोन जुन्या गोष्टी सापडणं पुरत नाही. जाणकाराने त्या का जोडल्या असत्या, हे दाखवावं लागतं.

झाकण काढायची रीत बदलता आली असती, हा मुद्दा त्यांनी मांडला खरा, पण मूळ याचिकेत नाही, नंतरच्या प्रत्युत्तरात. पेटंट मंडळाने तो विचारात घेतला नाही, आणि न्यायालयाने मंडळाचं ते वागणं योग्य ठरवलं.