आधी चाक जातं

(दृश्य: लाल मातीचा कच्चा रस्ता. दोन खोल चाकोऱ्या.)

टायरमध्ये हवा भरतात. 1970च्या दशकात ऱ्होडेशियातले, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतले सैनिक त्यात पाणीही भरत होते. गाडीत पायाखाली वाळूची पोती, खाणीतल्या कन्व्हेयरचा जाड रबरी पट्टा. हा सगळा खटाटोप रस्त्यात पुरलेल्या सुरुंगासाठी. चाकाखाली स्फोट झाला की टायरमधलं पाणी त्याचा थोडा जोर पिऊन टाकायचं. थोडाच. उरलेला सपाट पत्र्यातून थेट पायांत शिरायचा.

सपाट तळ, हेच खरं दुखणं होतं. पुरलेला सुरुंग फुटतो तेव्हा भोवतालची माती बंदुकीच्या नळीसारखं काम करते. बाजूला वाट नाही, म्हणून सगळा वायू वर उसळतो आणि माती-दगडही घेऊन येतो. माती ओली असेल तर तडाखा आणखी मोठा. वरचा पत्रा सपाट असला, तर हा सगळा मार त्याला समोरासमोर झेलावा लागतो.

(दृश्य: कोरा कागद. पेन्सिलीने काढलेला इंग्रजी ‘व्ही’.)

यावरचा उपाय कागदावर दोन रेघांत मावतो. घराचं दोन्हीकडे उतरतं छप्पर घ्या, उलटं करा आणि गाडीखाली लावा. छपरावरून पाऊस ओघळावा तसा स्फोट दोन्ही कडांनी निसटून जातो. स्फोटाला अडवायचं नाही, वाट करून द्यायची. सोबत गाडी उंच करायची, कारण अंतर दुप्पट झालं की दाब नुसता निम्म्यावर येत नाही, त्याच्याही खूप खाली घसरतो. पोलादाची जाडी लागतेच. पण मधली मोकळी हवा फुकट मिळते आणि तिचं वजनही नसतं.

ऱ्होडेशियात अर्नेस्ट कॉन्शेल या इंजिनिअरने ‘लेपर्ड’ नावाची गाडी बनवली. पोलादी कुपीत माणसं बसलेली, चाकं कुपीपासून लांब, पुढे-मागे. इंजिन आणि बरेचसे भाग फोक्सवॅगनचे. दिसायला ती ओबडधोबडच होती. पण सुरुंग फुटला की चाक आणि अॅक्सल तुटून उडायचे आणि कुपी शाबूत राहायची. त्याचीच ‘पूकी’ ही दुसरी गाडी सुरुंग शोधायची. तिला शर्यतीच्या फॉर्म्युला वन गाड्यांचे रुंद टायर होते. वजन इतकं पसरायचं, की रणगाडाविरोधी सुरुंगावरून ती गेली तरी त्याला पत्ता लागत नसे.

दक्षिण आफ्रिकेने हा विचार कारखान्यात नेला. आधी ‘बफेल’ आली: युनिमॉग ट्रकच्या सांगाड्यावर, वरून उघडी, जवान पाठीला पाठ लावून बाहेर तोंड करून बसलेले. मग ‘कॅस्पिर’. हे नाव म्हणजे अक्षरांची गंमत आहे. दक्षिण आफ्रिकेचे पोलीस, एसएपी, आणि तिथली संशोधन परिषद, सीएसआयआर, यांची आद्याक्षरं एकमेकांत मिसळून ते केलेलं. सुमारे 11 टनांची ही गाडी चाकाखाली 21 किलो टीएनटी या स्फोटकाचा स्फोट सोसेल अशी आखली होती. म्हणजे रणगाड्यासाठीचे साधारण तीन सुरुंग एकावर एक. थेट पोटाखाली 14 किलो.

इथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. ज्या पोलादाने आतल्यांना वाचवलं, तेच वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये दहशत बनून फिरलं. कॅस्पिर म्हटलं की तिथल्या एका पिढीला सुरुंग आठवत नाही, गल्लीच्या तोंडाशी उभी राहिलेली गाडी आठवते.

(दृश्य: गाडीचं अंतरंग. छताला आणि भिंतीला टांगलेल्या खुर्च्या.)

तळ फुटला नाही म्हणजे माणूस वाचला, असंही नाही. कित्येक टनांची गाडी निमिषात वर उचलली जाते. पाय तळावर टेकलेले असतील तर टाच आणि नडगी मोडते. खुर्ची तळाला जोडलेली असेल तर धक्का कमरेच्या मणक्यात जातो. पट्टा नसेल तर डोकं छतावर आदळतं. म्हणून खुर्ची छताला किंवा भिंतीला टांगायची, तिच्यात धक्का खाणारा भाग बसवायचा, पायांना तळापासून अधांतरी आधार द्यायचा. नाटोच्या चाचण्यांत आत पुतळे बसवून मणक्यावरचा आणि नडगीवरचा भार मोजतात. तिथली सुरुंगाची सर्वात वरची पातळी 10 किलो स्फोटकांची आहे.

एवढं सगळं ठाऊक असताना 2003 मध्ये अमेरिकी फौजा इराकमध्ये उतरल्या त्या हम्व्ही, म्हणजे जीपसारख्या लष्करी गाड्या, घेऊन. सपाट तळ, जमिनीपासून जेमतेम हातभर उंच. रस्त्याकडेचे बॉम्ब फुटू लागले, तसे दारांना पत्रे ठोकले गेले. तळ मात्र तसाच. फेब्रुवारी 2005 मध्ये इराकमधल्या मरीन दलाच्या अधिकाऱ्यांनी 1,169 सुरुंगरोधक गाड्यांची तातडीची मागणी केली. ती कागदांतच फिरत राहिली. मे 2007 मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी ही खरेदी सर्वात वरच्या प्राधान्याची ठरवली. त्यानंतर 27 हजारांहून अधिक ‘एमरॅप’, म्हणजे सुरुंगरोधक, गाड्या आणि सुमारे 4,500 कोटी डॉलर. तंत्र तीस वर्षं जुनं होतं. उशीर इंजिनिअरांमुळे झाला नव्हता.

(दृश्य: अरुंद रस्ता. कडेला कालवा.)

आणि मग उंचीने आपली किंमत मागितली. बहुतेक वजन वर, म्हणजे तोल कच्चा. मातीची कड ढासळली की गाडी कलंडायची. अफगाणिस्तानात कालव्यात उलटलेल्या गाडीत जवान बुडाले. अँटेना वरच्या विजेच्या तारांना लागायच्या. उलटलेल्या गाडीतून बाहेर कसं पडायचं याचा सराव करायला गोल फिरणारे सांगाडे बनवावे लागले. समोरचाही गप्प बसला नाही. स्फोटाने वितळल्यासारखी होऊन सुसाट येणारी तांब्याची तबकडी तो बाजूने मारू लागला. तिच्यापुढे खालच्या ‘व्ही’चा काय उपयोग? 2009 मध्ये आलेली ‘एम-एटीव्ही’ ही सुरुंगरोधक गाडी अशा कच्च्या, अरुंद रस्त्यांसाठी आकाराने लहान, प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन असलेली. अफगाणिस्तानातून निघताना हजारो मोठ्या गाड्या तिथेच भंगारात कापल्या गेल्या. परत नेणं महाग पडत होतं.

कॅस्पिर मात्र अजून चालते. युद्ध संपलेल्या कित्येक ठिकाणी टायर काढून तिला पोलादी चाकं बसवली गेली. रस्त्यात माणसांसाठी पेरलेले लहान सुरुंग राहिले असतील तर ते फुटावेत, म्हणून ड्रायव्हर मुद्दाम त्यांच्यावरून गाडी नेतो. खाली एक दबका आवाज, थोडी धूळ. तो पट्टा तपासतो आणि पुढच्या चाकोरीला लागतो.