चूक होणारच, हे धरून

नमस्कार श्रोतेहो.

मोबाइलवर अधूनमधून फिरत येणारा एक मेसेज तुम्हीही वाचला असेल: माणूस चंद्रावर उतरला तेव्हा यानात होता त्यापेक्षा कितीतरी ताकदवान कॉम्प्युटर आज तुमच्या खिशात आहे. खरंच आहे ते. अपोलोच्या कॉम्प्युटरमध्ये पुसून पुन्हा लिहिता येईल अशी मेमरी जेमतेम २०४८ शब्दांची. बाकीचा प्रोग्रॅम म्हणजे बारीक चुंबकीय कड्यांमधून ओवलेल्या तांब्याच्या तारा, आणि ते ओवण्याचं काम कारखान्यातल्या बायकांनी हातानं केलेलं.

पण हा मेसेज वाचून मिशीला पीळ भरावा, असं काही मला वाटत नाही. २० जुलै १९६९ रोजी यान चंद्रावर उतरत असताना ऐन वेळी या कॉम्प्युटरवर कामाचा बोजा वाढला. एका रडारकडून त्या घडीला नको असलेले सिग्नल येत होते. समोर १२०२ हा इशाऱ्याचा आकडा झळकला. त्यानं काय केलं, तर कमी महत्त्वाची कामं बाजूला टाकली, स्वतःला सावरून पुन्हा सुरू झाला आणि यान उतरवण्याचं काम सोडलं नाही. आपला फोन अशा वेळी काय करतो ते तुम्हीच सांगा. बनवणाऱ्यांनी गोंधळ उडणार हे आधीच धरलं होतं. चंद्राच्या वाटेवर यंत्र बिघडलं तर ते नेऊन टाकायला आपल्या इंदूरच्या राजवाड्यामागे असतं तसं दुरुस्तीचं दुकान थोडंच आहे!

चूक होणारच, हे धरून चालण्याची ही रीत गणितात कशी उतरते, ते आज सांगतो. कागद-पेन्सिल घ्या. हात कणकेत असतील तर मनातच धरा. मला तुम्हाला दोनच आकडे पाठवायचे आहेत: ३ आणि ५. वाटेत खरखर आहे, एखादा आकडा बिघडेल अशी धास्ती आहे. म्हणून मी त्याच अंतरानं पुढचे दोन जोडतो आणि ३, ५, ७, ९ असे चार पाठवतो. समान अंतराचा नियम तुम्हालाही ठाऊक आहे. तुमच्याकडे पोचले ३, ५, ८, ९. कुठला चुकला? तिसरा. कारण बाकीचे तिघं एका रेषेत बसतात, आठ तेवढा बसत नाही. तिथं सात हवा. म्हणजे चूक झाली हे कळलं, कुठं झाली ते कळलं आणि ती दुरुस्तही झाली. मला परत विचारावं लागलं नाही.

अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सोलोमन या दोघा गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली पद्धत याच जातीची. तिचा नियम साध्या बेरजेपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचा, पण युक्ती हीच.

आता व्हॉयेजर-२ बघा. १९७७ मध्ये निघालेलं हे यान जानेवारी १९८६ मध्ये युरेनसजवळ पोचलं. ट्रान्समीटर २३ वॉटच्या आसपास, घरातल्या जुन्या ट्यूबलाइटहूनही कमी. तिथून सिग्नल यायला पावणेतीन तास. ‘पुन्हा सांग’ म्हणायचं तर जाऊन-येऊन साडेपाच तास, आणि तोवर यान पुढं निघून गेलेलं! गुरू आणि शनीच्या वेळी जी जुनी पद्धत वापरली, तिच्यात माहितीच्या प्रत्येक बिटमागे, म्हणजे प्रत्येक शून्य किंवा एकामागे, एक बिट नुसता पडताळणीचा जायचा. निम्मी वाट त्यातच खर्ची. युरेनसला रीड-सोलोमन कामी आली: २२३ बाइटला (आठ बिटांचा एक बाइट) ३२ बाइट जादा, आणि त्यातले कुठलेही १६ बिघडले तरी मूळ माहिती शाबूत.

हेच गणित रात्री इंदूरच्या सराफ्यात, खाण्याच्या दुकानांवर भेटतं. गराडू म्हणजे कंदाचे तुकडे तळून देणाऱ्याच्या कढईशेजारी चिकटवलेला तो क्यूआर कोड आठवा. त्यावर तेलाचे शिंतोडे, मसाल्याची बोटं, एका बाजूनं कागद उचकटलेला. तरी फोन धरला की पैसे जातात आणि पैसे आल्याचं बोलून सांगणारी डब्बी ‘प्राप्त हुए’ म्हणून मोकळी होते. हा कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांसाठी तयार झाला. त्यात रीड-सोलोमनच आहे. कोड बनवतानाच ठरवता येतं की किती खराबी झेपली पाहिजे: कमीत कमी सुमारे ७ टक्के, जास्तीत जास्त सुमारे ३०. मधोमध कंपनीचा लोगो छापतात ना, तोही कोडच्या दृष्टीनं डागच. हवं तर घरी करून बघा, मधल्या ठिपक्यांवर बोटाचं टोक ठेवून स्कॅन करा. फक्त कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन झाकू नका. कोड कुठं आहे आणि कसा धरलाय, हे कॅमेऱ्याला त्यांच्यावरूनच कळतं.

या युक्तीला मर्यादा आहे. वाटेत झालेली चूक ती सुधारते, पण पाठवणाऱ्याचंच डोकं फिरलं तर तिचा उपयोग नाही. व्हॉयेजर-१ चं नोव्हेंबर २०२३ मध्ये तसंच झालं. माहिती बांधून पाठवणाऱ्या कॉम्प्युटरची एक चिप गेली आणि यान अर्थहीन शून्य-एक पाठवू लागलं. चिप बदलायला जाणार कोण? २४ अब्ज किलोमीटर अंतर! शेवटी अभियंत्यांनी त्या चिपमधला प्रोग्रॅम दुसरीकडे हलवायचं ठरवलं. पण तो सगळा मावेल एवढी एकही मोकळी जागा उरली नव्हती. मग त्याचे तुकडे केले, मिळेल त्या फटीत बसवले आणि एकमेकांचा पत्ता सापडेल अशी जोडणी करून दिली. १८ एप्रिल २०२४ रोजी पहिल्या तुकड्याची आज्ञा गेली. जायला साडेबावीस तास, यायला साडेबावीस. २० तारखेला उत्तर आलं, आणि ते वाचता येत होतं. जूनपर्यंत यानावरची चालू असलेली चारही उपकरणं पुन्हा कामाला लागली.