सिलॅबसमधून बाहेर काय जाणार?

इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम बदलायचा म्हटलं की बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला: नवीन काय घालायचं? मी अशा बऱ्याच बैठकांना बसलोय. ‘काढायचं काय?’ असं विचारलं की सगळे आपापल्या कागदात बघायला लागतात. प्रत्येक विषयामागे तो शिकवणारा माणूस बसलेला असतो ना!

म्हणून बदल बहुधा बाहेरचा धक्का बसला की होतो. दुसऱ्या महायुद्धात रडारसारखी कामं भौतिकशास्त्रज्ञांनी पुढे नेली. वर्कशॉप आणि ड्रॉइंगवर वाढलेल्या इंजिनिअरांना ते बोचलं. इंजिनिअरिंगच्या शिक्षणावरच्या अमेरिकेतल्या १९५५ च्या ग्रिंटर अहवालानं गणित आणि मूलभूत शास्त्रं वाढवायला सांगितली, १९५७ ला सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडाला आणि त्या वाटेला पैसाही आला. मग कारखानदारांची ओरड सुरू झाली, की पोरांना समीकरणं येतात, वस्तू करता येत नाही.

दुसरा धक्का अवजारांचा. १९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आला आणि चार-पाच वर्षांत स्लाइड रूल, म्हणजे आकडेमोडीची सरकती पट्टी, अडगळीत गेली. गेली ते बरंच झालं. पण स्लाइड रूल दशांशचिन्ह दाखवत नसे. पट्टीवर २४ दिसलं, तरी उत्तर २.४ की २४०, हे आपणच अंदाजानं ठरवायचं. हा अंदाज कुठल्याच सिलॅबसमध्ये लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो गेल्याचं कुणाला कळलंही नाही.

तिसरा धक्का अपघातांचा. १९८१ साली कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलात एकाखाली एक टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून खालच्या पुलापर्यंत सलग गज होते. जोडणी सोपी व्हावी म्हणून गजाचे दोन तुकडे केले आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगला. म्हणजे दोरीला दोघांनी लोंबकळायचं, त्याऐवजी दुसरा पहिल्याच्या पायाला लोंबकळला. वरच्या पुलाच्या तुळईखाली गजाला लावलेल्या नटावर भार दुप्पट. हे गणित पहिल्या वर्षाचं. बदल मंजूर करताना ते कुणी केलंच नाही.

अमेरिकेतल्या ‘एबेट’ या मान्यता देणाऱ्या संस्थेनं १९९० च्या दशकाअखेरीस अकरा निष्पत्ती ठरवल्या, म्हणजे पदवी घेताना विद्यार्थ्याला काय काय यायला हवं याची यादी. त्यात नीतिमत्ता, संवाद, गटानं काम करणं हे आलं. हेतू चांगला होता. आता आपल्याकडेही आम्ही प्राध्यापक तशाच निष्पत्तींचे तक्ते भरतो, शिकवायचं उरलेल्या वेळात!

आणि हल्ली यंत्रच कोड लिहून देतंय. आता न कळत काय जाणार आहे? पुढच्या बैठकीला मी त्या नटाचं चित्र घेऊन जाणार आहे. कुठल्या पेपरात घालायचं, असं विचारतीलच. मी म्हणेन, पेपरात नकोच, तोंडीला विचारा.